बँकॉक ते सिएम रीप, जमिनीवरून

दौऱ्याची जाहिरात करण्याआधी कुणीतरी तो रस्ता स्वतः जाऊन बघायचा असतो. आमच्या धंद्यात त्याला रेकी म्हणतात. पुण्यातल्या एका लहान प्रवास संस्थेसाठी मी हे काम करते. आमच्याकडे येतात ते निवृत्त शिक्षक, बँकेतले कारकून, एसटीतले, पोस्टातले लोक. दरमहा थोडे थोडे पैसे बाजूला टाकून आयुष्यात एखादा परदेश बघणारी माणसं. त्यांच्यासाठी रेकी करताना मी एक नियम पाळते. ज्या पैशांत ते जाणार, त्याच पैशांत मी जायचं. त्यांच्याच वर्गात बसायचं, तेच जेवायचं आणि प्रत्येक जिना पासष्टीच्या गुडघ्यांचा विचार करत चढायचा. टॅक्सीने जाऊन आलेल्या माणसाच्या वहीत यातलं काही येत नाही.

2024 च्या जानेवारीत बँकॉक ते सिएम रीप हा रस्ता माझ्याकडे आला. कंबोडियातल्या सिएम रीपजवळची अंकोरची मंदिरं बघायची, पण विमानाचं भाडं वाचवायचं, असा प्रश्न होता. विमान तासाभरात पोचवतं. रस्त्याने अंतर साधारण चारशे किलोमीटर आहे, आपल्याकडे पुण्याहून रात्रीच्या गाडीत बसून सकाळी उतरावं एवढंच. त्यासाठी आख्खा दिवस का लागतो, हेच मला तपासायचं होतं.

बँकॉकच्या हुआ लाम्फोंग स्थानकातून पहाटे 5 वाजून 55 मिनिटांनी एक साधी गाडी सुटते. सगळे डबे तिसऱ्या वर्गाचे. सीमेपर्यंतचं तिकीट 49 बाथ होतं, म्हणजे तेव्हाच्या भावाने सव्वाशे रुपयांच्या आत. आरक्षण नाही, खिडकीवर जायचं, तिकीट घ्यायचं, मिळेल तिथे बसायचं. मी चार वाजता उठले आणि सव्वापाचला स्थानकात होते. 1916 मध्ये उघडलेली ही इमारत अजून देखणी आहे. मोठी कमान, रंगीत काचा आणि एवढं उंच छत की आवाज वर जाऊन विरतो. 2023 च्या जानेवारीत लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या शहराच्या उत्तरेकडच्या नव्या स्थानकात गेल्या आणि इथे उरल्या त्या पूर्वेकडच्या असल्या साध्या गाड्या. त्या पहाटे अर्ध्याहून अधिक बाकं रिकामी होती. स्वच्छतागृह उघडं होतं, पाणी होतं. वहीतली पहिली नोंद तीच.

गाडी वेळेवर सुटली. खिडक्या उघड्या, छताला पंखे, रेक्झिनची ताठ बाकं. बँकॉक संपता संपत नाही. रुळाला लागून पत्र्याच्या भिंती, दारात दात घासणारी माणसं, काळ्या पाण्याचे कालवे, डोक्यावर द्रुतगती रस्त्यांचे खांब. लाट क्राबांगला गणवेशातली कॉलेजची मुलं उतरली आणि डबा जरा मोकळा झाला. मग विक्रेत्या येऊ लागल्या. केळीच्या पानातला चिकट भात, काडीला लावलेली भाजलेली कोंबडी, सोललेले पपनस, प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घातलेली कॉफी. शाकाहारी माणसाला यातलं पपनस, उकडलेल्या शेंगा आणि साधा भात एवढंच चालतं. बाकी बहुतेक ठिकाणी माशाचा सॉस असतो. मंडळींना आदल्या रात्रीच दशम्या आणि चटणी बांधून द्यायची, असं लिहून ठेवलं.

चाचेंगसाओनंतर शेतं लागली आणि ऊनही. प्राचीनबुरीपर्यंत खिडकीतून येणारा वारा अंगाला बरा वाटत होता. तिथून पुढे तो तापत गेला. सा केओ प्रांतात उसाची शेतं आहेत. तोडणीआधी ती पेटवतात आणि त्याची काळी काजळी वाऱ्यावर उडत डब्यात येते. माझ्या पांढऱ्या ओढणीवर तिचे ठिपके पडले. चार तास ताठ बाकावर बसल्यावर कंबर कुठे आहे ते कळायला लागतं, आणि सहाव्या तासाला दुसरं काही कळतच नाही.

माझ्यासमोर बसलेली बाई कंबोडियाची होती. तिशीतली असावी. बँकॉकमध्ये इमारतींच्या बांधकामावर काम करत होती. सोबत एक गोणी आणि भात शिजवायच्या नव्या कुकरचा खोका; तो तिने सबंध वाटभर मांडीवर धरला, खाली ठेवला नाही. तिच्या फोनवर ती बोलायची आणि फोन मला इंग्रजीत दाखवायचा, मग मी टाइप करायची. मुलगा सहा वर्षांचा, सिसोफोनजवळच्या गावी आजीकडे. आजी आजारी म्हणून निघालेली. गळ्यातल्या प्लास्टिकच्या पाकिटात परदेशी मजुरांना मिळतं ते गुलाबी कार्ड होतं, आणि दर थोड्या वेळाने तिचा हात तिकडे जायचा. बीडकडून ऊसतोडीला निघालेल्या आणि पोरं म्हाताऱ्यांपाशी ठेवून आलेल्या बायांशी मी एके काळी कामानिमित्त बोलले आहे. त्यांचं बोलणं जसं मुलाच्या जेवणापासून सुरू होऊन मुकादमाच्या उचलीपाशी येऊन थांबायचं, तसंच हिचंही मुलापासून सुरू झालं आणि कार्डाच्या मुदतीवर येऊन थांबलं.

त्या डब्यात माझ्यासारखे पाठीवर सॅक घेतलेले पाच-सात परदेशी होते. आम्ही स्वस्त म्हणून ही गाडी निवडली होती. बाकीच्यांना निवडायला दुसरं काही नव्हतं. 2014 च्या जूनमध्ये, थायलंडमध्ये लष्कराने सत्ता घेतल्यावर, बेकायदा मजुरांची धरपकड होणार अशी आवई उठली आणि काही आठवड्यांत दोन लाखांहून अधिक कंबोडियन माणसं याच वाटेने परतली. ट्रकांत उभी राहून, याच गाडीत दाटीवाटीने. समोरची बाई तेव्हा कुठे होती ते मी विचारलं नाही.

बान क्लोंग लुक हे शेवटचं स्थानक. 2019 मध्ये गाडी इथवर वाढली. त्याआधी अलीकडच्या अरण्यप्रथेत गावाला उतरून पुढे टुकटुक करावी लागे. रूळ इथून पुढेही जातात, छोटा पूल ओलांडून थेट कंबोडियात. 1961 मध्ये दोन्ही देशांचे संबंध तुटले आणि ही आगगाडी बंद पडली. 2019 च्या एप्रिलमध्ये प्रयुत चान-ओचा आणि हुन सेन हे दोन पंतप्रधान एकाच गाडीत बसून तो पूल ओलांडून गेले. प्रवाशांची रोजची गाडी मात्र त्यानंतरही सुरू झाली नाही. म्हणून सगळ्यांनी उतरायचं आणि चालायचं.

या चालण्याविषयी मला सविस्तर लिहायचं आहे, कारण दिवसाचा सगळा थकवा इथे आहे. अंतर म्हणाल तर दीड-दोन किलोमीटर.

फलाटावर पाय ठेवला तोच गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक माणूस पुढे आला. कंबोडियाचा व्हिसा इकडे मिळतो, चला. माझ्याकडे ऑनलाइन काढलेला ई-व्हिसा होता, 36 डॉलर भरून, दोन छापील प्रतींसह. तो बघून त्याने शांतपणे सांगितलं की हा या सीमेवर चालत नाही. त्याच्या आवाजात जराही घाई नव्हती. चालतो हे मला पक्कं माहीत होतं, तरी क्षणभर पोटात गोळा आला. त्याने दाखवलेल्या इमारतीवर सरकारी वाटेल अशी पाटी होती. मी नाही म्हणाले आणि चालू लागले. पन्नास पावलांवर दुसरा. त्यालाही नाही. मग टुकटुकवाला, मग पैसे बदलून देणारा, मग सिएम रीपच्या ‘शेवटच्या’ बसचं तिकीट विकणारी मुलगी. त्यातल्या प्रत्येकाचं पोट त्यावर आहे हे मला समजतं. पण पहाटे चारपासून जागं असलेल्या, उन्हात उभ्या असलेल्या माणसाला प्रत्येक वाक्यामागे खरं काय आहे हे ताडून बघावं लागतं, तेव्हा अंगातली उरलीसुरली शक्ती तिथे जाते. सामानाचं ओझं त्यापुढे काही नाही.

डाव्या हाताला रोंग क्लुआचा बाजार. जुन्या कपड्यांचे, बुटांचे, पिशव्यांचे डोंगर. त्या बाजाराचा माल सीमेपलीकडून हातगाड्यांवर यायचा-जायचा. माणसाच्या उंचीच्या दुप्पट रचलेल्या लाकडी गाड्या, पुढे एक बाप्या दांड्यात जुंपलेला, मागून बायको आणि कधी पोरगं ढकलणारं. डांबरावरून त्या गाड्या वळताना चाकांचा जो आवाज होतो तो अंगावर येतो. कुकरवाली बाई मला इथे शेवटची दिसली. स्थानिक माणसांची रांग वेगळी होती आणि ती लांबलचक होती. तिने हात हलवला, मग पाकिटातलं कार्ड बाहेर काढून हातात धरलं.

थायलंडमधून बाहेर पडण्याचा शिक्का परदेशी माणसांना वरच्या मजल्यावर मिळायचा. जिना अरुंद, रांग जिन्यावरच, बसायला जागा नाही. तासाभराहून अधिक वेळ मी उभी होते. माझ्या मागे एक वयस्कर युरोपीय जोडपं होतं. आजोबांनी शेवटी पायरीवरच बैठक मारली आणि रांग सरकली की ते कठडा धरून उठायचे. माझ्या वहीत त्या जिन्यापाशी दोन रेघा मारलेल्या आहेत.

शिक्का मिळाला की माणूस थायलंडमध्ये नसतो आणि कंबोडियातही नसतो. या पट्ट्यात पोयपेटचे, म्हणजे कंबोडियाकडच्या सीमेवरच्या गावाचे, कॅसिनो उभे आहेत. थायलंडमध्ये कॅसिनोंना कायद्याने बंदी, म्हणून तिथले लोक इथे यायचे. काचेची दारं उघडली की थंड हवेचा झोत रस्त्यावर येतो, आणि त्याच झोतातून हातगाडी ओढणारा घामाने निथळत पुढे जातो. लहान मुलं छत्री घेऊन बाजूने चालतात, प्रवाशाच्या डोक्यावर सावली धरतात आणि दुसरा हात पुढे करतात. सात-आठ वर्षांच्या एका मुलीने मोडक्या काडीची छत्री माझ्यावर धरली होती. तिचा हात माझ्या डोक्यापर्यंत पोचत नव्हता, म्हणून ती टाचा उंचावून चालत होती. मी छत्री माझ्या हातात घेतली, दोघींवर धरली, आणि पलीकडच्या कमानीपर्यंत आम्ही तशाच गेलो. पैसे द्यावेत की नाही यावर आमच्या धंद्यात बरेच मतभेद आहेत. पैसे मिळाले की मुलं शाळा सोडतात, हे बरोबर आहे. तरी मी दिले. त्या उन्हात तिच्या अनवाणी पायांकडे बघून मला दुसरं काही करता आलं नाही, आणि अजूनही येणार नाही.

कमान अंकोरच्या शिखरांच्या घाटाची आहे. तिच्यापुढच्या कक्षात बोटांचे ठसे घेतले, ई-व्हिसाची एक प्रत ठेवून घेतली आणि शिक्का मारला. व्हिसा चालला. इथून वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात. थायलंडमध्ये आपल्यासारखी डावीकडून. दिवसभर दमलेला माणूस रस्ता ओलांडताना सवयीने चुकीच्या बाजूला बघतो, तेव्हा मंडळींना इथे हात धरून नेलं पाहिजे.

बाहेर फुकटची बस उभी असायची. ती गावाबाहेरच्या थांब्यावर न्यायची आणि तिथे परतीची वाट नसल्याने सांगतील तो दर द्यावा लागायचा. मी तिच्यात बसले नाही. गोल चौक ओलांडून पुढे गेलं की सामायिक टॅक्सी मिळायच्या. बहुतेक जुन्या टोयोटा कॅमरी. मागच्या सीटवर चार, पुढे दोन. गाडी भरली की निघायची. पैसे डॉलरमध्ये, मी दिलेल्या नोटांपैकी एकीचा कोपरा किंचित फाटला होता, ती ड्रायव्हरने हळूच परत केली. कंबोडियात फाटकी डॉलरची नोट कुणी घेत नाही, आणि सुटे म्हणून जे रिएल मिळतात ते डॉलरला चार हजारांच्या हिशेबाने. गाडी भरायला पाऊण तास लागला.

सिसोफोनपर्यंत मी जागी होते. सपाट, कापणी झालेली भातखाचरं, खांबांवर उभी घरं, कमळांची डबकी आणि जिकडेतिकडे ताडाची झाडं. ही जमीन बघताना मला सतत आठवत होतं की याच रस्त्याने 1992-93 मध्ये साडेतीन लाखांहून अधिक निर्वासित परत आले. ख्मेर रूजच्या राजवटीतून आणि नंतरच्या लढाईतून पळालेले लोक, सीमेवरच्या छावण्यांत वर्षानुवर्षं राहिलेले. अरण्यप्रथेतजवळची खाओ-इ-दांग छावणी 1979 च्या नोव्हेंबरात उघडली आणि 1993 मध्ये बंद झाली. ती उघडली तेव्हा तिथे जन्मलेलं मूल तोवर तेरा वर्षांचं झालं असेल. गाडीत माझ्या शेजारी बसलेला माणूस पन्नाशीचा होता. त्याने खिडकीबाहेर बोट करून काहीतरी सांगितलं आणि मला ते समजलं नाही.

सिसोफोनला रस्ता फुटतो. एक बट्टंबांगकडे, दुसरा सिएम रीपकडे. पुढचे शंभर किलोमीटर मी झोपले. सिएम रीपला उतरले तेव्हा अंधार पडला होता. चौदा तास झाले होते. अंगावर काजळी, पायांचे तुकडे, आणि डोकं असं की खोलीचं कुलूप कुठल्या बाजूला फिरवायचं ते सुचेना.

रात्री वही उघडली. गाडीचे साडेपाच-सहा तास मी ‘चालेल’ मध्ये घातले. ती बाकं ताठ आहेत, पण खिडकी आहे, माणसं आहेत, उठून पाय मोकळे करता येतात. टॅक्सीही चालेल, मागच्या सीटवर तीनच माणसं बसवली तर. मंडळी आजारी पडतील ती मधल्या दोन किलोमीटरांत. तिथे त्यांना ऊन लागेल, जिना लागेल, आणि खरं-खोटं ओळखण्याचा ताण लागेल. स्वस्त प्रवासात आराम कमी मिळतो हे सगळे जाणतात. पण जास्त पैसे मोजणाऱ्या प्रवाशाला सावध राहावं लागत नाही, ते काम दुसरं कुणी करत असतं, हे मला त्या रात्री नीट दिसलं. आमच्यासारख्यांनी जे करायचं ते हेच. त्यांच्या वाटचं सावधपण आपल्याकडे घ्यायचं, म्हणजे त्यांना बघायला डोळे मोकळे राहतील. त्या कुकरवाल्या बाईसाठी हे करणारं कुणी नाही. माझा दिवस संध्याकाळी संपला. तिची ती काळजी कार्डाच्या मुदतीपर्यंत चालते, आणि मुदत वाढली की नव्याने सुरू होते.

मी संस्थेला लिहिलं की रस्ता ठेवा, पण एका दिवसात करू नका. अरण्यप्रथेतला मुक्काम करा. सीमा सकाळी सहाला उघडायची. तेव्हा ऊन नसायचं, जिना रिकामा असायचा. आणि मुक्कामामुळे एक दुपार मोकळी मिळते. तिथून पस्तीसेक किलोमीटरवर स्दोक कोक थोम हे अकराव्या शतकातलं शिवमंदिर आहे. इथे सापडलेला 1052 सालचा शिलालेख संस्कृत आणि जुन्या ख्मेर भाषेत आहे, तब्बल 340 ओळींचा. जयवर्मन दुसरा याने 802 मध्ये राज्य कसं स्थापलं हे आपल्याला मुख्यतः त्यातूनच कळतं. शिला आता बँकॉकच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, म्हणजे आदल्या दिवशी शिला दाखवायची आणि दुसऱ्या दिवशी तिची जागा. ऐंशीच्या दशकात या मंदिराभोवतीच निर्वासितांची छावणी होती. सुरुंग काढून मग जीर्णोद्धार झाला. अंकोरला जाण्याआधी हे बघितलेला माणूस अंकोरकडे वेगळ्या नजरेने बघेल, असं मला वाटतं. संस्थेने मान्य केलं.

त्यानंतर आमचे गट त्या वाटेने गेले. पहाटे सहाला सीमेवर, छत्र्या आमच्याच, पाण्याच्या बाटल्या, जिन्याशी एक माणूस उभा. साताऱ्याच्या एका निवृत्त संस्कृत शिक्षिकेने संग्रहालयात त्या शिलेसमोर उभं राहून अक्षरं लावण्याचा प्रयत्न केला, आणि दुसऱ्या दिवशी मंदिराच्या दगडी वाटेवर चप्पल काढून चालल्या. त्यांनी सगळ्या प्रवासात कशाबद्दलही तक्रार केली नाही, गाडीच्या बाकाबद्दलसुद्धा.

2025 च्या जूनमध्ये थायलंडने ही सीमा प्रवाशांना बंद केली आणि जुलैत दोन्ही देशांत लढाई पेटली. कंबोडियन मजूर पुन्हा लाखांनी परतले. मी बातम्यांत त्यांच्या रांगा बघत होते; गोण्या, पंखे, डोक्यावर गाद्या. हातगाड्या कुठे गेल्या असतील, टॅक्सीवाले काय करत असतील हे डोक्यातून जात नव्हतं. त्या टापूत माणसं नेणं शक्य नव्हतं, आणि दौरा विमानाने करा हे मीच संस्थेला सांगितलं. त्याने खर्च वाढला. सिएम रीपचा नवा विमानतळ 2023 च्या ऑक्टोबरात सुरू झाला आहे आणि तो गावापासून चाळीसेक किलोमीटर दूर, तेव्हा तिथलंही भाडं आलं. रक्कम कळल्यावर काही जणांनी नावं मागे घेतली. त्यांत दोन शिक्षक असे आहेत की जे तीन वर्षं यासाठी पैसे साठवत होते.

त्यांच्यासाठी मी आता लाओसमार्गे वाट शोधते आहे. बँकॉकहून रात्रीच्या गाडीने उबोन, तिथून चोंग मेकची सीमा ओलांडून पाक्से. पाक्सेजवळ वाट फू आहे, डोंगराच्या कुशीतलं ख्मेर शिवस्थान, 2001 पासून जागतिक वारसा यादीत. मग मेकाँगच्या कडेने दक्षिणेला, नोंग नोक खियेनला कंबोडियात शिरायचं आणि स्टंग त्रेंगवरून सिएम रीप. लांब वाट आहे, कमीत कमी तीन मुक्काम लागतील. चोंग मेकला रांग कुठे लागते, सावली आहे का, जिने किती, बाथरूमला पाणी असतं का आणि दक्षिणेकडच्या सीमेवर पुढची गाडी किती वेळाने मिळते हे मला जाऊन बघायचं आहे. नोव्हेंबरात पाऊस ओसरला की निघेन, तिसऱ्या वर्गाचं तिकीट काढून.